करणीने कोणी तरत नाही

परभणीच्या मिशन आवारात मी अकरा वर्षं मुलींना शिकवलं, आणि त्या अकरा वर्षांत आमच्या पाळकसाहेबांना विहिरीतून एक घागर शेंदताना मी पाहिलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मी निःपक्षपातीपणे बोलणार आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. तेव्हाही माझ्या अंगात तो गुण नव्हता आणि आता या वयात तो आणायची हौस उरलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. कागद मिळत नव्हता, रॉकेल मिळत नव्हतं, आणि आमच्या मंडळीला प्रश्न पडला होता की माणसाचं तारण विश्वासानं होतं की सत्कृत्यांनी.

मंडळी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आम्ही मिशनमधले लोक एक वेगळंच मराठी बोलायचो. आमच्याकडं मंडळी म्हणजे रविवारी उपासनेला जमणारा समाज. खेड्यात मंडळी म्हणजे बायको. पाळकसाहेब एकदा पिंगळीच्या स्टेशनावर एका शेतकऱ्याला म्हणाले, "आमच्या मंडळीत या, तुम्हांला शांती मिळेल." तो बिचारा दोन पावलं मागं सरला. तसंच साक्ष देण्याचं. आमच्याकडं साक्ष द्यायची म्हणजे देवानं आपल्याला कसं वाचवलं ते उभं राहून सांगायचं. खेड्यात साक्ष म्हटलं की लोकांना कचेरी आणि पोलिसांचे अमीनसाहेब आठवायचे, आणि ते घराचं दार लावून घ्यायचे. पाळकसाहेबांना यातलं काहीच कळायचं नाही. ते नगरकडचे. चार वर्षांचे असताना बोर्डिंगात गेले, तिथंच वाढले, तिथंच शिकले. त्यांचं सगळं मराठी गीतांच्या पुस्तकातून आलेलं होतं. स्वच्छ, इस्त्री केलेलं, आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात कधी न वापरलेलं.

मी मात्र खेड्यातली. पिंगळीच्या पुढं दोन कोसांवर आमचं गाव. माझा बाप तिथं गावकुसाबाहेर वाढला, तिथंच ख्रिस्ती झाला आणि तिथंच मेला. मला दोन्ही मराठी यायची. उर्दूही यायचं, कारण निजामाच्या मुलखात त्याशिवाय शाळा पुरी होत नसे.

वाद सुरू झाला तो नवे उपदेशक आल्यावर. तरुण गृहस्थ, बारीक अंगाचे, खिशाला पेन लावलेलं. पहिल्याच रविवारी त्यांनी सांगितलं की देव हात पुढं करतो, पण तो धरायचा की नाही हे माणसाच्या मर्जीवर आहे. आणि खरा विश्वास असेल तर तो कामात दिसतो, कामात दिसत नसेल तर तो विश्वास कसला. ऐकायला मला हे पटलं. पण या गृहस्थांनी आल्यापासून स्वतःचं उष्टं ताटही कधी उचललं नव्हतं, त्यामुळं त्यांचा विश्वास नेमका कुठं पाहायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पाळकसाहेबांना ते भाषण फार लागलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस पापात मेलेला आहे आणि मेलेल्याला काही करता येत नाही. तारण फक्त विश्वासानं. तो विश्वाससुद्धा माणसाच्या पदरचा नाही. देव ज्याला द्यायचा त्याला देतो, आणि कुणाला द्यायचा ते त्यानं जग घडवायच्या आधीच ठरवून टाकलंय. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की त्या यादीत आपलं नाव त्यांनी स्वतः वाचून खात्री करून घेतली आहे.

मग ठरलं की जाहीर वाद करायचा. तीन दिवस, दुपारी, शाळेच्या ओसरीवर. शाळेला सुटी, कारण मुलींच्या शिक्षणापेक्षा हे महत्त्वाचं. त्या काळी सभा भरवायची म्हणजे तहसिलीची इजाजत लागायची. अर्ज गेला, आणि चौकशीला तिथले वयस्कर पेशकार, म्हणजे कारकून, आले. पाळकसाहेब दुपारचे झोपले होते. पेशकारांनी मलाच विचारलं, "बहस किस बात की है, बाई?" मी सांगितलं, नजात ईमान से होती है या अमल से, म्हणजे तारण विश्वासानं होतं की कामानं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दोनों होना ना, बाई. इसमें बहस काहे की?" आणि कागदावर सही करून गेले. पुढच्या तीन दिवसांत याहून शहाणं वाक्य माझ्या कानावर पडलं नाही.

अक्षर चांगलं म्हणून टिपण लिहायचं काम माझ्याकडं आलं. पहिली दुपार एका बुडणाऱ्या माणसात गेली. उपदेशक म्हणाले, समजा दुधना नदीच्या डोहात एक माणूस बुडतोय. काठावरून दोर टाकला. दोर टाकणाऱ्याची कृपा खरी, पण दोर धरायला तर त्यालाच हवा. पाळकसाहेब म्हणाले, तो बुडत नाहीये, तो बुडालेला आहे, तळाला आहे, मेलेला आहे. मेलेला दोर कसा धरणार? उपदेशक म्हणाले, मेलेला असता तर दोर कशाला टाकला असता? चहा झाला तरी तो माणूस पाण्यातच. दोघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. समोर बसलेले आमचे लोक, म्हणजे आवारातले माळी, भंगी, दवाखान्यातल्या बाया, मान डोलवत होते. त्यांना एवढंच कळत होतं की साहेब लोकांचं भांडण आहे आणि आज काम नाही.

दुसऱ्या दिवशी वाद माझ्या आत्यावर आला.

आत्या माझ्या बापाची थोरली बहीण. गावातली सुईण. बालपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही, आणि त्या गावातलं चाळिशीच्या आतलं बहुतेक प्रत्येक माणूस तिच्या हातावर जन्मलेलं. मीसुद्धा. जी कुणबी घरं तिची सावली उंबऱ्याच्या आत पडू देत नसत तीच घरं कळा सुरू झाल्या की तिला हाताला धरून आत न्यायची. बाळ बाहेर आलं की घर सारवून काढायची. त्या घरांविषयीही माझं मत काही बरं नाही. पण आत्याला त्याचं काही वाटत नसे. ती म्हणायची, "लेकरू येतंय तवा कुणाला काय सुचतंय?" तिच्या पिशवीत दोरा, पातं आणि एरंडेलाची बाटली असायची. त्या पिशवीवर तिचं सगळं होतं. तिचं पोटही आणि गावातली तिची पतही.

तिची एकच इच्छा राहिली होती, प्रभुभोजनाची. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. पाळकसाहेब तिला तो देत नव्हते. ती रविवारी क्वचितच यायची, कारण बाळंतिणी रविवार पाहून अडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे तिला परीक्षेत उत्तर देता आलं नव्हतं. साहेबांनी विचारलं होतं, "तुझं तारण कशानं झालं?" आणि ती म्हणाली होती, "अजून व्हायलंय, साहेब."

हे 'व्हायलंय' त्या दुपारी ओसरीवर आलं. पाळकसाहेब म्हणाले, पाहा, हीच ती चूक. तारण एकदा झालं की झालं. ही बाई समजते की आपण रोज काम करून ते पुरं करत आणतोय. उपदेशक उठून म्हणाले, उलट, या अडाणी बाईला जे कळलं ते आपल्याला कळत नाही, तारण ही चालू क्रिया आहे. अर्धा तास त्या एका क्रियापदाची चिरफाड चालली. ज्या बाईचं ते क्रियापद होतं ती ओसरीच्या खाली उन्हात, पिशवी मांडीवर घेऊन, परतीच्या गाडीची वाट पाहत बसली होती. तिला कुणी वर बोलावलं नाही.

मी लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "साहेब, आमच्याकडं असंच बोलतात. जेवलीस का विचारलं तरी म्हणतात, जेवायलेय. तिला तेवढंच म्हणायचं होतं, तिला विचारा ना."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई," ते म्हणाले, "सभेत स्त्रियांनी बोलू नये असं शास्त्र आहे. तुम्ही लिहा." उपदेशक, ज्यांना माणसाच्या स्वतंत्र मर्जीचा एवढा पुळका होता, त्यांनी मान हलवून होकार दिला. तीन दिवसांत दोघांचं एकमत झालं ते या एका मुद्द्यावर.

माझी कानशिलं तापली. पण मी लिहिलं. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं की बरं, आता माझ्या तोंडून एक शब्द ऐकायला मिळणार नाही तुम्हांला.

तिसऱ्या दिवशी उपदेशकांनी एक वर्मी घाव घातला. म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचं हे सत्कृत्य, कृपाधीन, पूर्वनियोजन, हे खेड्यात कोण समजणार? लोकांच्या भाषेत बोला, म्हणजे कळेल तुमच्या बोलण्यात किती दम आहे ते." लोक हसले. पाळकसाहेब लाल झाले आणि तिथल्या तिथं जाहीर केलं की पुढच्या आठवड्यात ते खेड्यात जाऊन, अगदी साध्या भाषेत, हाच विषय मांडतील. गाव निवडलं आमचं, कारण तिथं निदान चार ख्रिस्ती घरं होती.

दोन दिवसांनी त्यांनी भाषणाचा खर्डा माझ्याकडं दिला, नीट अक्षरात उतरवायला. आधी सगळीकडं 'सत्कृत्ये' लिहिलेलं होतं. ते खोडून प्रत्येक ठिकाणी 'करणी' केलेलं. गीतांमध्ये तो शब्द यायचा. देवाची करणी, माणसाची करणी. बोर्डिंगात वाढलेल्या माणसाला करणी म्हणजे फक्त काम, कृत्य. याहून साधा शब्द कुठला, असं त्यांना वाटलं असणार.

आमच्या भागात करणी म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर सुकलं, कुणाचा नवरा घरात टिकेना, की बाया पदराआडून एकमेकींना विचारतात, करणी केली का कुणी? लिंबू, बिब्बे, टाचण्या, उंबऱ्याखाली पुरलेली बाहुली. ती करणी.

मी उतरवत गेले. 'करणीवर भरवसा ठेवू नका.' 'मी स्वतः पुष्कळ वर्षं करणीच्या मागे होतो.' 'पाळक असूनही माझी करणी मला उपयोगी पडली नाही.' मला हसू आवरेना. चावडीपुढं आमची माणसं बसली आहेत आणि काळ्या कोटातले पाळकसाहेब कबुली देतायत की आपण करणी करायचो, हे चित्र डोळ्यांपुढं येऊन मी टेबलावर डोकं ठेवून हसले. एका जागी कंस होता : 'येथे गावातील कोणाचे तरी उदाहरण घ्यावे.' तोही मी सुवाच्य अक्षरात उतरवला. शब्दाबद्दल काही बोलले नाही. सभेत बोलू नका म्हणाले होते ना. कागद दिले तेव्हा ते म्हणाले, "अक्षर छान आहे." मी म्हटलं, "आभारी आहे, साहेब."

त्याच दिवशी मला गावी जावं लागलं, पाळकसाहेब येणार हा निरोप द्यायला. आत्याला इतका आनंद झाला की तिनं मला ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढता वाढता तीनदा विचारलं, "खरंच यायलेत? आमच्या गावात?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "म्या समद्यायला सांगते. पाटलाच्या घरी बी सांगते. त्यायची सून भरत आलीया, म्या रोजच जायलेय तिथं." दुपारभर आम्ही दारात बसून बोललो. मी ऊन उतरल्यावर परत निघाले.

ठरल्या दिवशी आम्ही दोन गाड्यांतून गेलो. मी गाणाऱ्या मुली घेऊन मागच्या गाडीत. चावडीपुढं खरंच माणसं जमली होती, आत्यानं घरोघर फिरून जमवलेली. ती स्वतः धुतलेलं लुगडं नेसून, पदर डोक्यावर घेऊन अगदी पुढं उभी होती. पाटलाच्या घरच्या बाया जरा लांब, भिंतीच्या कडेला. त्यांच्याशेजारी एक म्हातारी होती. तिच्या घरी श्रावणात पायाळू नातू जन्मला होता आणि तिसऱ्या दिवशी गेला होता. ते बाळंतपण आत्याचंच. तोवर त्या घरानं त्याला नशीब म्हटलं होतं.

पाळकसाहेब सुरुवातीला जरा अडखळले. मी हसायला तयार होऊन उभी होते. 'मी स्वतः करणीच्या मागे होतो' आलं. कुणी हसलं नाही. दोन माणसांनी एकमेकांकडं पाहिलं, एवढंच. मग कंसाची जागा आली आणि साहेबांनी समोर पाहिलं, आणि त्यांना समोर आत्या दिसली.

"ही पाहा तुमच्याच गावातली बाई," ते म्हणाले, प्रेमानं, हात तिच्याकडं करून. "हिला तुम्ही सगळे ओळखता. हिनं आयुष्यभर करणीच केली. तुमच्या घराघरांत हिची करणी पोचली आहे. मी हिला पुष्कळ समजावलं, पण ही करणीवरचा भरवसा सोडायला तयार नाही. मी तुम्हांला सांगतो, करणीने कोणी तरत नाही. करणीने माणूस मरतो."

साहेबांनी आपलं नाव काढलं म्हणून आत्या हसत होती. शब्द तिला कळायला वेळ लागला, किंवा कळूनही ते हसू कुठं ठेवावं ते तिला सुचलं नाही. ती म्हातारी आत्याच्या हातांकडं पाहत होती. भिंतीकडच्या बाया एकेक करून निघून गेल्या. मी तिथं उभी होते, माझ्यासमोर आठ मुली होत्या, आणि मी त्यांना पुढचं गाणं सुरू करायला सांगितलं.

परतताना पाळकसाहेब खुशीत होते. "किती शांतपणे ऐकलं," म्हणाले. "वचन अंतःकरणाला भिडलं की असंच होतं."

गाडीतच मी त्यांना सांगितलं, करणी म्हणजे आमच्याकडं काय ते. तेव्हा माझं तोंड उघडलं. ते म्हणाले, हा शब्द गीतांमध्ये आहे, तो वाईट कसा असेल. चार दिवसांनी गावाहून बातमी आली. आत्या रोजच्यासारखी पाटलाच्या घरी गेली तर पाटलीणबाईंनी दारातच अडवलं आणि म्हणाल्या, "आत्या, आज नगं." दुसऱ्या दिवशीही नगं. आत्याच्या उंबऱ्यावर कुणीतरी बिब्बे आणि मिरच्या ठेवून गेलं. मी पाळकसाहेबांकडं गेले आणि म्हटलं, साहेब, तुम्ही एकदा चला आणि चावडीपुढं फक्त एवढं सांगा की करणी म्हणजे चांगली कामं म्हणायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी गेलो आणि सांगितलं की ती तिची चांगली कामं होती, तर माझ्या सगळ्या प्रतिपादनाचं काय राहिलं?" मी म्हटलं, तिचं काय राहिलंय ते पाहा. ते म्हणाले, "झालं ते त्याच्या योजनेबाहेर झालं असं तुम्हांला म्हणायचंय का?"

उपदेशकांकडं गेले. त्यांनी सगळं उत्सुकतेनं ऐकलं आणि खिशातलं पेन काढलं. "सत्कृत्यांना हलकं लेखलं की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण नाही," म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. गावी चला म्हटलं, तर म्हणाले इजाजत निघू द्या, जरूर येतो. अर्ज केलाच नाही तर इजाजत कुठून निघणार.

मग मी स्वतः गेले. विहिरीवर बायांना गाठून समजावलं, करणी म्हणजे तसं नाही, आमच्याकडं चांगल्या कामाला करणी म्हणतात. पाटलांच्या शेजारची एक बाई घागर खाली ठेवून म्हणाली, "चांगल्या कामाला कुणी करणी म्हणतंय व्हय, बाई? आन् आमी कुठं म्हणलं? तुमच्याच सायबानं भर चावडीफुडं सांगितलं. तिच्याच धर्माचा माणूस, त्यायला खोटं बोलून काय मिळायलंय?" मी जितकं बोलले तितकं ते पक्कं होत गेलं.

पाटलांच्या सुनेला दुसऱ्या गावच्या सुईणीनं सोडवलं. मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. त्यांचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही, पण आत्याशिवायही निभतं हे गावाला त्या दिवशी कळलं, आणि ते आत्यालाही कळलं. त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. बाया रस्त्यात दिसल्या की कडेवरचं पोर पदराखाली झाकून घ्यायच्या. तिच्याच हातावर जन्मलेली पोरं. हिवाळा सरायच्या आत ती पिशवी घेऊन परभणीला माझ्या खोलीवर आली.

आणि त्या ईस्टरला पाळकसाहेबांनी तिला प्रभुभोजन दिलं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या भगिनीचा करणीवरचा भरवसा आता सुटला आहे, ती आता रिकाम्या हातांनी आली आहे, आणि कृपा रिकाम्या हातांवरच ठेवली जाते. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तुझं तारण कशानं झालं? आत्या म्हणाली, "तुमी म्हणाल त्यानं, साहेब." त्यांना ती नम्रता वाटली. त्यांचे डोळे भरून आले. मी पाहिलं ते.

पुढं मुलखात रझाकारांच्या गडबडीचे दिवस आले तेव्हा पाळकसाहेब नगरला निघून गेले. जग घडायच्या आधीच सगळं ठरलंय असं सांगणारा तो माणूस मनमाडची गाडी सुटू नये म्हणून एका हातात कोट आणि एका हातात ट्रंक घेऊन फलाटावरून धावताना मी पाहिला. उपदेशक त्याच्या आधीच गेले होते, आपल्या मर्जीनं.

आत्या माझ्याकडं पाच वर्षं राहिली. आवारात बाळंतपणं व्हायची, पण ती कुणाच्या जवळ गेली नाही. पिशवी खुंटीला असायची. एका दुपारी ती अंगणात ज्वारी निवडत बसली होती आणि मी मुलींच्या बेरजा तपासत होते. कागदाची टंचाई काही संपली नव्हती, म्हणून मी जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजू वापरायचे. त्यात त्या भाषणाची माझ्या अक्षरातली एक जादा प्रत होती. वाऱ्यानं एक कागद तिच्या सुपाशी गेला. आत्याला वाचता येत नव्हतं. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं हे काय. मी खोटं बोलले नाही. सांगितलं.

तिनं कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "हे त्यायला तू लिवून दिलं व्हतं?"

"हो."

"मंग लिवताना तुला कळलं न्हाई का गं? तू तर आमच्या गावची."

मी म्हटलं, "कळलं होतं, आत्या. पण साहेबांनी मला सभेत गप्प बसवलं होतं. बायांनी बोलायचं नाही म्हणाले."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "त्यायला न्हाई सांगितलं तर न्हाई," ती म्हणाली. "मला सांगायचंस की. त्याच दिशी तू माझ्या दारात बसून भाकर खाल्लीस."

खाल्ली होती. ठेचा झणझणीत होता आणि मी पोटातल्या पोटात हसत होते. तिला सांगितलं असतं तर ती परभणीपर्यंत चालत जाऊन साहेबांच्या पाया पडली असती, साहेब तो शब्द वापरू नका म्हणून, आणि मला जे बघायचं होतं ते बघायला मिळालं नसतं. मला एका माणसाचं हसं झालेलं बघायचं होतं. त्यासाठी मी दुपारभर तोंड मिटून बसले.

तीन दिवस त्या ओसरीवर भांडून दोघांना निकाल लावता आला नाही की माणसाच्या हातात काही असतं की नसतं. मला विचारायला हवं होतं. त्या दुपारी मला कुणी अडवलं नव्हतं, ना शास्त्रानं, ना साहेबांनी, ना देवानं.

आत्यानं कागद घडी करून माझ्याकडं दिला आणि ती पुन्हा निवडायला लागली.